पहिला प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) कोणता घ्यावा?

प्रश्न: मी टेक्सासमध्ये राहतो. .३०८ रायफलची महिन्याला पन्नासेक काडतुसं घरीच भरायची आहेत. प्रोग्रेसिव्ह प्रेस (दांड्याच्या एका ओढीत अनेक कामं करणारा) घेऊ का?

उत्तर: एवढ्यासाठी? नको. सिंगल-स्टेजच घ्या, आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर किंवा तसाच बिडाचा, बंद ‘ओ’ चौकटीचा. माझा पहिला प्रेस ॲल्युमिनियमचा, ‘सी’ चौकटीचा होता. केस (काडतुसाचं रिकामं कवच) साइझ करताना, म्हणजे डाय नावाच्या साच्यात दाबून मापात आणताना, चौकट डोळ्यांदेखत फाकायची. (लूब, म्हणजे वंगण, कमी लावलं की केस डायमध्ये अडकायची, तो गाढवपणा माझाच.)

सिंगल-स्टेजमध्ये दांड्याच्या एका ओढीत एकच काम होतं. त्यामुळे बंदुकीची दारू घातलेल्या पन्नास केसेस ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने एकेकीत डोकावता येतं. कमी-जास्त भरलेली तिथंच सापडते. ७/८-१४ आट्यांचे (७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे) डाय पुढे टरेट प्रेसवरही (फिरत्या डोक्यात अनेक डाय बसणारा प्रेस) चालतील. आणि टेबल भिंतीला बोल्टने आवळा, डुगडुगतं नको.