बाबांनी वाचायला लावलं नव्हतं, वाचून दाखवलं होतं

मावशी, नमस्कार.

आम्ही साताऱ्यात राहतो. मी बँकेत आहे, माझे मिस्टर एमआयडीसीत शिफ्ट करतात. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत, दोघंही इंग्रजी माध्यमात. सासूबाई आमच्याजवळ असतात. रात्री घरात माणसं पाच, पण प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये. माझे बाबा गेल्या वर्षी गेले. ते आम्हा तिघी बहिणींना रोज झोपताना ‘श्यामची आई’तली एक रात्र वाचून दाखवायचे. ते आठवून मी दिवाळीच्या सुट्टीत घरात ‘वाचन सप्ताह’ ठरवला. रात्री नऊ ते दहा प्रत्येकाच्या हातात पुस्तक, सगळे मोबाइल पोळ्यांच्या डब्यात, आणि कोणी किती पानं वाचली ते फ्रिजवरच्या तक्त्यावर लिहायचं. सासूबाई म्हणाल्या, “आता याचाही सप्ताह का?” पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी मिस्टर पुस्तक छातीवर ठेवून घोरायला लागले. मुलगी तिचं इंग्रजी पुस्तक घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी मुलाला मराठीचं एक पान संपेना म्हणून तो रडला. तेवढ्यात डब्यात माझा फोन वाजला, मी काढून बघितला, तर मुलगी म्हणाली, “तू पण तर बघतेसच.” मी खूप ओरडले, तक्ता फाडून टाकला. चौथ्या दिवशी कोणी विषयच काढला नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मुलगा त्यांना पेपर वाचून दाखवत बसला होता आणि मी आत स्वयंपाकघरात रडत होते. बाबांना जमलं ते मला का जमत नाही? आमच्या घरात वाचन रुजणारच नाही का?

— एक आई, सातारा

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्याबरोबर माझेही डोळे भरून आले. दुसऱ्यांदा मात्र शेवटाकडच्या एका वाक्याशी थांबले ते पुढे जाईनाच. “मुलगा त्यांना पेपर वाचून दाखवत बसला होता.” हे तू ओघात लिहून गेलीस, जणू ‘बाहेर पाऊस पडत होता’ म्हणावं तसं. अगं, आदल्या रात्री एका पानासाठी रडलेलं पोर दुसऱ्या रात्री आपणहून आजीपाशी मराठी पेपर घेऊन बसलं. ना तक्ता, ना घड्याळ, ना कोणी सांगितलेलं. तुला जे हवं होतं ते भिंतीपलीकडे चाललं होतं आणि तू तिकडे गेली नाहीस, याचं मला फार वाईट वाटलं. तुझा राग मला कळतो. पण उद्या तो पुन्हा पेपर घेऊन बसला, तर ओट्याशी राहू नकोस. भाजी निवडायची असेल तर ताट घेऊन बाहेर ये आणि त्यांच्याजवळ बस. काही बोलू नकोस, शाबासकीही देऊ नकोस. नुसती ऐक.

आता बाबांचं. नीट आठवून बघ. बाबांनी तुम्हा तिघींच्या हातात तीन पुस्तकं देऊन ‘दहा वाजेपर्यंत वाचा’ असं कधी सांगितलं होतं का? तू स्वतःच लिहिलं आहेस, ‘वाचून दाखवायचे’. पुस्तक एक, आवाज एक. तुम्ही काय करायचात? अंथरुणात पडून ऐकायचात. एखादी पेंगली तर बाबा तिला उठवून ‘किती पानं झाली’ विचारत नसणार. वाचण्याचे कष्ट सगळे त्यांचे होते, तुमच्या वाट्याला नुसती गोष्ट येत होती. तू मात्र या सप्ताहात प्रत्येकाला एकेकटं वाचायला बसवलंस आणि स्वतः पर्यवेक्षक झालीस. त्या एका तासात तू स्वतः काय वाचत होतीस, ते पत्रात कुठेच नाही. मला वाटतं, तुझं सगळं लक्ष घड्याळाकडे आणि त्या चौघांकडेच होतं.

बाबांनी निवडलेलं पुस्तकही काय आहे बघ. साने गुरुजींनी ते बरंचसं नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहून काढलं, पण त्याला प्रकरणं पाडली नाहीत, रात्री केल्या. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. श्याम रोज रात्री सांगतो आणि आश्रमातली मंडळी भोवती बसून ऐकतात. मुळातच ते ऐकणाऱ्यांसाठी आहे. तुझ्या बाबांनी ते बरोब्बर ओळखलं होतं.

आपल्याकडे वाचणं पूर्वी असंच असायचं. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात चातुर्मासात पोथी लागायची. एका वर्षी ‘हरिविजय’, छत्तीस अध्याय, कोजागरीच्या सुमारास समाप्ती. एक आजोबा वाचायचे, मध्येच थांबून अर्थ सांगायचे. बायका फुलवाती वळायच्या, कोणी शेंगा फोडायचं, आम्ही पोरं कुणाच्या तरी पदराशी लोळत असायचो. त्यातल्या निम्म्या बायकांना सहीसुद्धा येत नव्हती, पण आजोबांची ओवी अर्ध्यात अडली की पुढचे शब्द त्या पुरे करायच्या. हातांना काम असलेलं बरं असतं, कान मोकळे राहतात. तुझ्या हॉलमध्ये सगळ्यांचे हातही पुस्तकांनी बांधलेले, डोळेही बांधलेले, आणि कोणाचा आवाज कोणाला ऐकू येत नव्हता. तासभर तशी शांतता झाली, तर दमलेला माणूस झोपणारच.

म्हणून सासूबाईंचं ते वाक्य मला टोमणा वाटलं नाही. ‘आता याचाही सप्ताह का?’ असं त्या म्हणाल्या, याचा अर्थ त्यांनी सप्ताह पाहिलेला आहे. विचार त्यांना. गुरुचरित्राच्या सप्ताहात सात दिवसांचे अध्याय सारखे वाटलेले नसतात. प्रचलित पद्धतीत पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी एकविसापर्यंत म्हणजे बारा, आणि पाचव्या दिवशी ३६ ते ३८ असे तीनच. अध्याय लहानमोठे, तसा दिवसही लहानमोठा. थांबायचं कुठे ते आधी ठरलेलं असतं, किती वाजता थांबायचं ते नव्हे. तू तास ठरवलास, त्यामुळे प्रत्येकाचं लक्ष तो संपण्याकडे लागलं. त्याऐवजी एक गोष्ट ठरव. दहा मिनिटांत संपली तर दहा मिनिटं. संपल्यावर कोणी ‘अजून एक’ म्हणालं, तरी ती उद्यावर ठेव.

मुलाचं थोडं सविस्तर सांगते, कारण तो रडला हे तुला सगळ्यात जास्त लागलंय. दुसरीतल्या मुलाला ऐकलेलं जितकं समजतं, तितकं स्वतःचं वाचलेलं समजत नाही. त्याचा सगळा जीव अक्षरं जोडण्यात जातो, त्यातून इंग्रजी माध्यम, म्हणजे मराठी जोडाक्षरांची सवय त्याहून कमी. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तेच पान तू वाचून दाखव, तो तुला पुढचं विचारील. मग आजीजवळ त्याला कसं जमलं? आजीला त्याची गरज होती म्हणून. त्याने वाचलं नाही तर तिला बातमी कळणारच नव्हती.

हे मी आमच्या घरी पाहिलं आहे. माझ्या आईची नजर गेली तेव्हा माझी भाची तिला पेपर वाचून दाखवायची. ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द उचलत. एकदा ती ‘ज्येष्ठ नागरिकांना’ या शब्दांशी अडली. जे... जेश... पुढे जाईना. आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले. म्हणाली, “ज्येष्ठ. वटपौर्णिमा येते बघ, तो महिना.” भाचीने बोट तसंच ठेवून वर बघितलं. “म्हणजे आजी, तू त्या महिन्यातली नागरिक?” आई इतकी हसली, की पेपर तिथेच राहिला. मग ज्येष्ठ म्हणजे मोठा, आषाढ कधी, आपली पंढरीची वारी कधी, असं करत अर्धा तास गेला. एका शब्दावर अर्धा तास. तुझ्या तक्त्यावर त्याचं शून्य पान लागलं असतं.

मुलीकडे येते. तेरा वर्षांची मुलगी दार लावून पुस्तक वाचते, आणि तू ते वाचनाच्या विरोधात धरलंस! ती त्या घरातली सगळ्यात पक्की वाचक आहे. इंग्रजी वाचते तर वाचू दे, मराठी वाच म्हणून तिच्या मागे लागू नकोस. एखाद्या संध्याकाळी भांडी विसळताना तिला विचार, “त्या पुस्तकात आता काय चाललंय?” आणि खरंच ऐक, मध्ये अभ्यासावर जाऊ नकोस. सांगायला लागली, की एक दिवस म्हण, “हे आजीला सांग ना.” आजीला सांगायचं म्हणजे मराठीतच सांगावं लागेल. आणि ‘तू पण तर बघतेसच’ हे ती खरं बोलली. तुझा फोन बँकेचा असेल, पण तिला तो फोनच दिसतो. तिला एकदा सरळ सांग, “तू बरोबर होतीस, मी बघायला नको होता.” आठवीतल्या मुलीला आईच्या तोंडून हे ऐकायला मिळालं, तर दार निदान लोटलेलं राहील, कडी लागणार नाही.

नवऱ्यावर रागावू नकोस गं. शिफ्ट करून आलेला माणूस घोरतो, त्यात पुस्तकाचा अपमान नाही. तो बसायला आला होता, ‘मला नाही जमणार’ म्हणाला नाही, हे माझ्या लेखी पुष्कळ आहे. त्याला वाचायला लावू नकोस. त्याला ऐकू दे, ऐकता ऐकता झोपला तर पांघरूण घाल. आणि एखाद्या रात्री पुस्तक बाजूला ठेवून त्याला सांगायला लाव. त्याची शाळा, त्याचा पहिला पगार, वडील सप्ताहाला बसायचे तेव्हा घरात काय काय चालायचं, काहीही. त्याला सांगण्यासारखं खूप असेल, आजवर कोणी विचारलं नसेल.

मोबाइल डब्यात कोंडायची गरज नाही, शांत करून बाजूला ठेवले तरी पुरे. उलट एक वापर सांगते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तू लहान होतीस त्या वर्षाचा एखादा अंक काढ. अक्षरं मोठी करता येतात, सासूबाईंनाही चित्रं दिसतील. मुलाला त्यातली चित्रं निवडू दे, ज्या चित्रावर बोट ठेवील ती गोष्ट तू वाच. आवाज काढून वाच. म्हातारीचा, वाघाचा, काय असेल तो. लाजू नकोस, घरचीच माणसं आहेत.

आणि एक रविवार मोकळा ठेव. तुमच्याच जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार आहे, ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकांची कपाटं मांडली आहेत, आत जायचं, हवं ते काढून बसून वाचायचं, कोणी पैसे मागत नाही. डबा घेऊन जा. मुलगी एका घरात शिरेल, मुलगा दुसऱ्या, नवरा बाहेर ओट्यावर डुलकी काढील. काढू दे. परत येताना गाडीत कोणी काय वाचलं हे विचारायचं नाही, एवढं मात्र पाळ. आपणहून बोलले तर गोष्ट वेगळी.

एक शेवटचं, जे मी तुला पत्रातून सांगावं का याचा दोन दिवस विचार केला. बाबांना जाऊन वर्षच झालंय. तुला घरात वाचन हवं आहे, हे खरं. पण त्याहून जास्त तुला बाबांचा तो आवाज पुन्हा ऐकायचा आहे, आणि घरातले चौघं जण मिळूनही तो देऊ शकत नाहीत. ते त्यात कमी पडले म्हणून तू चिडलीस. तुझ्या बहिणींना फोन कर. तिघी मिळून एका रात्री ते पुस्तक उघडा, व्हिडिओ कॉलवर का होईना, एकीने वाचा, दोघींनी ऐका. रडायचं ते तिथे रडून घ्या. मुलांसमोर ते पुस्तक आत्ताच काढू नकोस. वाचताना तुझा गळा दाटेल आणि त्यांना वाटेल आपलंच काही चुकलं. ‘तुझे बाबा तुला काय वाचून दाखवायचे?’ असं मुलगा कधीतरी विचारील. त्या दिवशी काढ. बाबांच्या हातची प्रत तुमच्यापैकी कोणाकडे असेल, तर तीच काढ.

तोवर आजीचा पेपर चालू राहू दे, आणि पोळ्यांच्या डब्यात पोळ्याच ठेव. तुझा लेक कोणत्या जोडाक्षराशी अडतो, आणि त्यावर आजी काय सांगते, ते मला लिहून कळव. मी वाट बघते.

तुझी,
मावशी