मोटिलिटी कमी आहे, कॅप्सूल दुप्पट करू का?

इंदूरच्या रामबागेतलं जोडपं. तो ३४ वर्षांचा, ती ३१ची, लग्नाला चार वर्षं झालेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरचा नमकीनचा कारखाना, आणि दिवसातले सहा-सात तास तो शेवेच्या कढईपाशी उभा. हातात वीर्यतपासणीचा दुसरा रिपोर्ट, पिशवीत गोळ्यांचे तीन डबे. "मॅडम, महिनाभर अँटिऑक्सिडंट घेतोय, तरी मोटिलिटी (शुक्राणूंची हालचाल) अठरा टक्केच. डोस दुप्पट करू का?"

आधी डब्यांवरची लेबलं वाचली. तिन्हींत जस्त होतं: ३०, २० आणि १५, म्हणजे रोज ६५ मिलिग्रॅम. प्रौढ माणसासाठी वरची मर्यादा ४०. त्याला सकाळी मळमळायचं, कारण तिन्ही गोळ्या तो रिकाम्या पोटी घेत होता. असा डोस महिनोन्‌महिने चालला तर शरीरातलं तांबं कमी पडतं. 'शंभर टक्के नॅचरल' असं तिन्हींवर छापलेलं होतं, ते सोडून द्या.

आता मूळ मुद्दा. शुक्राणूच्या आवरणात डीएचएसारखी असंतृप्त मेदाम्लं भरपूर असतात. त्यांनी आवरण लवचीक राहतं, पण ऑक्सिजनचे आक्रमक रेणू हल्ला करतात तेही त्यांच्यावरच. इतर पेशींना आतल्या पेशीद्रवातली विकरं (एन्झाइम) वाचवतात. शुक्राणू घडताना आपला पेशीद्रव जवळजवळ सगळा टाकून देतो, त्यामुळे त्याची बरीचशी भिस्त भोवतालच्या वीर्यद्रवावर: त्यातली एसओडी आणि कॅटलेज ही विकरं, क जीवनसत्त्व, युरिक आम्ल. हे नवऱ्याला पटकन समजलं. तापवून तापवून तेल खवट का होतं हे कारखान्यात रोज दिसतं, आणि रसायन तेच आहे. त्यानंच विचारलं, "म्हणजे खवट झालेल्या तेलात वरून काही घातलं तरी ते सुधारत नाही, तसं?" अगदी तसं. अँटिऑक्सिडंट पुढचं नुकसान थोपवू शकतात, बिघडलेला शुक्राणू दुरुस्त करत नाहीत. नवा शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस, वर अधिवृषणात (वृषणाला लागून असलेल्या नळीत) पक्व व्हायला आणखी काही दिवस. महिन्याभरात केलेल्या तपासणीत दिसतात ते औषध सुरू व्हायच्या आधीच घडायला लागलेले शुक्राणू.

दुप्पट डोसला आणखी एक हरकत आहे. स्त्रीबीजात शिरण्याआधी शुक्राणूत जे बदल व्हावे लागतात, त्यांना हेच आक्रमक रेणू थोड्या प्रमाणात लागतात. शिवाय गोळ्यांचा पुरावाही तोकडा आहे. अमेरिकेत २,३७० जोडप्यांच्या चाचणीत पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिलं. २०२० साली निकाल आला, मूल होण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं.

मग हे रेणू इतके येतात कुठून, ते शोधायला घेतलं. पहिली गडबड नमुन्यातच सापडली. 'जास्त दिवस थांबलं की जास्त येतं' असं मित्रानं सांगितलं म्हणून तो नऊ दिवस थांबला होता. संख्या वाढते खरी, पण साठून राहिलेले शुक्राणू या माऱ्यात जास्त काळ राहतात आणि हालचाल मंदावते. अंतर दोन ते सात दिवसांचं हवं. नमुना घरी घेतलेला, जानेवारीच्या थंडीत स्कूटरच्या डिकीत ठेवलेला, आणि लॅबमध्ये पोचला दीड तासानं. तो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचायला हवा. बाटली शर्टाच्या आत, अंगाशी धरून. थोडा सांडला असेल तर तसं लॅबला सांगायचं.

रिपोर्टात 'पस सेल्स' (पुवातल्या पांढऱ्या पेशी) लिहिलं होतं. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली अर्धवट घडलेल्या गोल पेशीही तशाच दिसतात, म्हणून अँटिबायोटिकच्या आधी पांढऱ्या पेशी वेगळ्या ओळखणारी पेरॉक्सिडेज तपासणी. तीत पांढऱ्या पेशी मिलिलिटरमागे २० लाख निघाल्या. १० लाखांच्या पुढे लक्ष द्यावं लागतं, कारण आक्रमक रेणू सोडण्यात या पेशी शुक्राणूंच्या कितीतरी पुढे असतात. युरॉलॉजिस्टनं कल्चर करून औषध दिलं. उभं करून व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं) तपासलं, ते नव्हतं.

व्यसन विचारलं तर "सिगरेट कधीच नाही." शेजारून ती म्हणाली, "अहो, पाऊचचं सांगा ना." तंबाखूचे दिवसाला आठ. ते बंद करायला त्याला सगळ्यात जड गेलं. दीड महिना लागला. वृषणं शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहावी लागतात, म्हणून कढईवर कारागिरांची पाळी लावली आणि कपडे सैल सुती. डबा एकच ठेवला, तोही जेवणानंतर.

सासूबाईंचा रोख सुनेवर होता, आणि नवऱ्याचा रिपोर्ट आल्यापासून तिच्या तपासण्या मात्र थांबलेल्या. त्या तीन महिने थांबवायचं काहीच कारण नव्हतं. एचएसजी (गर्भनलिका मोकळ्या आहेत का पाहणारा एक्स-रे) लगेच केलं. दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या.

तीन महिन्यांनी तीन दिवसांच्या अंतरानं, लॅबमध्येच नमुना दिला. पुढे सरकणारे शुक्राणू ३३ टक्के (जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा ३०), पांढऱ्या पेशी ४ लाख. यात वाटा कुणाचा किती, औषधाचा, पाऊच सुटल्याचा की नुसत्या नीट दिलेल्या नमुन्याचा, हे वेगळं काढता येत नाही. आमच्या मते नमुन्याचा बराच. उरलेला डबा संपल्यावर नवा आणायचा नाही, असं ठरलं.