इंजेक्शननंतर त्रास वाढला, तर?

प्रश्न : वय 31. एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखं आवरण बाहेर वाढण्याचा आजार) ल्युप्रोलाइड डेपो 3.75 मि.ग्रॅ.चं पहिलं इंजेक्शन घेतलं. दहा दिवसांत पोटदुखी वाढली, अंगावरून जायला लागलं. औषध लागू पडत नाही का? त्यात डॉक्टर पुढे हार्मोनची गोळीही देणार म्हणतात. मग इंजेक्शनचा उपयोग काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दहाव्या दिवशी औषध फसलं असं म्हणता येत नाही. मेंदूतून जीएनआरएच हे हार्मोन तास-दीड तासाने थोडं थोडं सुटतं, तेव्हा मेंदूखालची पियुषिका ग्रंथी अंडाशयाला कामाला लावते. हे इंजेक्शन म्हणजे त्याच हार्मोनची नक्कल, फक्त ते अखंड झिरपत राहतं. त्यामुळे ग्रंथी आधी चेकाळते आणि मग दाद देणंच सोडते. सुरुवातीला इस्ट्रोजेन वाढतं आणि साधारण तीन-चार आठवड्यांत तळाला जातं. त्यावर पोसणारा हा आजार मग शमतो. मात्र तासाला पॅड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर वाट पाहू नका.

दुसऱ्या महिन्यातही पाळी नेहमीसारखी आली, तर आधी तारीख तपासा : 3.75 चा डोस महिन्याचा आहे. मग इंजेक्शन कसं दिलं ते विचारा. पावडर द्रावणात मिसळल्यावर दुधाळ होते. ती तशीच ठेवली तर कण खाली बसतात, सुई तुंबते आणि डोस अर्धवट जातो. मिसळून, हलवून लगेच टोचायचं. तीन महिन्यांचं 11.25 चं पॅक आणून दरमहा एकतृतीयांश घेण्याची काटकसर तर मुळीच नको. त्याची घडण वेगळी असते.

गोळीचं म्हणाल, तर इस्ट्रोजेन फार उतरलं की हाडं विरळ होतात, अंगातून वाफा येतात. म्हणून नॉरइथिस्टेरॉन अॅसिटेट ही हार्मोनची गोळी, बहुधा रोज 5 मि.ग्रॅ., जोडतात. हाडं सांभाळली जातात आणि आजार सहसा उचल खात नाही. अशा जोडीशिवाय कोर्स सहसा सहा महिन्यांपलीकडे नेत नाहीत. पाळी थांबली तरी हे गर्भनिरोधक नव्हे, कंडोम वापरा.

प्रश्न : वडिलांचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात गेलाय. डॉक्टर आधी गोळ्या आणि मग इंजेक्शन म्हणतात. उशीर कशाला?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : हे इंजेक्शनही बहुधा वरच्यासारखंच, जीएनआरएचची नक्कल. म्हणून कारण तेच, पण इथे धोका मोठा. पहिल्या आठवड्यात या कॅन्सरला पोसणारं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उसळतं, मणक्यातली गाठ फुगून मज्जारज्जू दाबू शकते किंवा लघवी तुंबते. बायकॅल्युटामाइड 50 मि.ग्रॅ. ही गोळी ती उसळी निष्प्रभ करते. गोळी काही दिवस आधी सुरू करून इंजेक्शननंतरही काही आठवडे चालू ठेवतात. मज्जारज्जूवर दाब आधीच असेल, तर डेगारेलिक्स या वेगळ्या इंजेक्शनबद्दल विचारा. पहिल्या दिवशी पोटाच्या त्वचेखाली 120 मि.ग्रॅ.ची दोन इंजेक्शनं, पुढे दरमहा 80. त्यात ही उसळी येतच नाही.

पाय लुळे पडले, लघवी अडली किंवा पाठदुखी अचानक वाढली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठा. आणि पुढे पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराचा रक्तातला निर्देशक) उतरला म्हणून डोस आपल्या मनाने थांबवू नका.