महागडं पिस्तूल घेतलं की नेम सुधारतो का?

प्रश्न : दोन वर्षं झाली, क्लबच्या रेंजवर नाईन एमएम (9 मिलीमीटर गोळीचं पिस्तूल) मारतोय. पिस्तूल स्वस्तातलं, प्लास्टिक फ्रेमचं. शेजारच्या लेनमधल्या एकाने नुकतंच हाताने फिट केलेलं नाईन्टीन-इलेव्हन (1911 सालच्या डिझाईनचं पिस्तूल) घेतलं, किंमत माझ्या पिस्तुलाच्या सातआठ पट. त्याने मला दहा राऊंड मारू दिले आणि खरं सांगतो, तेव्हापासून माझं पिस्तूल हातात धरवत नाही. एवढा फरक खरंच असतो का, की नुसता ब्रँडचा तोरा? माझे शॉट कायम डावीकडे खाली जातात, ते सुधारतील का?
— एक नेमबाज वाचक

उत्तर : आधी ते डावीकडे खाली जाणं बघू, कारण खरी मेख तिथेच आहे. उजव्या हाताने मारत असाल तर दुखणं बहुतेक पिस्तुलाचं नाही, बोटाचं आहे. चाप हळूहळू दाबत न्यायचा सोडून तुम्ही शेवटच्या क्षणी खसकन ओढताय आणि आता धक्का बसणार म्हणून मनगट आधीच झुकतंय. ग्लॉक 17 या प्लास्टिक फ्रेमच्या पिस्तुलात मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये (नेम धरायच्या खुणांमध्ये) साधारण साडेसोळा सेंटीमीटर अंतर असतं, म्हणजे पुढची साईट फक्त 1 मिलीमीटर सरकली तरी 25 मीटरवर गोळी 15 सेंटीमीटर बाजूला जाते, आणि त्या अंतरावरच्या प्रिसिजन टार्गेटचं दहाचं वर्तुळ अख्खं मिळून 5 सेंटीमीटरचं. तुमचंच पिस्तूल रेस्टमध्ये, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या स्टँडमध्ये, पक्कं आवळून दहा राऊंड मारून बघा, ग्रुप (छिद्रांचा पुंजका) तुमच्या हाताच्या ग्रुपपेक्षा लहान येईल, पैज लावतो.

मग त्या दहा राऊंडमध्ये एवढं भारी का वाटलं? ट्रिगर, दुसरं काही नाही. नाईन्टीन-इलेव्हन सिंगल ॲक्शन आहे, हॅमर (गोळी उडवणारा हातोडा) आधीच मागे ताणलेला असतो, चापाला फक्त त्याची अडकण सोडवायची असते, त्यामुळे तो जेमतेम सरकतो आणि कळायच्या आत शॉट गेलेला असतो. हातोड्याऐवजी आतल्या स्प्रिंगच्या सुईने गोळी उडवणाऱ्या, म्हणजे स्ट्रायकरवाल्या साध्या पिस्तुलात चापाला अडीच किलोच्या आसपास जोर लागतो आणि रिकाम्या पिस्तुलाचं वजन पाऊण किलोही नसतं. म्हणजे त्याच्या वजनाच्या तिपटीहून जास्त जोर एका बोटाने लावायचा आणि तरी ते तसूभर हलू द्यायचं नाही! चांगला ट्रिगर ही ओढाताण कमी करतो, तेवढे गुण त्याचे. पण खसकन ओढायची सवय आहे तशीच राहते, नवीन पिस्तूल हाताळताना महिनाभर लपते इतकंच.

बाकी पैसा जातो कारागिराच्या वेळेत. नाईटहॉक कस्टमसारख्या ठिकाणी एक पिस्तूल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर जुळवतो, स्लाईड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि फ्रेम एकमेकांवर घासून घासून बसवतो. स्लाईड मागे ओढली की लोण्यातून सुरी जावी तशी येते, हे तुम्हालाही जाणवलं असणार. छोटे पार्ट अखंड पोलादातून कापलेले असतात, स्वस्तात तेच धातूची पूड साच्यात दाबून आणि भाजून बनवतात. या साच्यातल्या पार्टना लोक उगाच नावं ठेवतात, नीट बनवले तर वर्षानुवर्षं टिकतात.

एक गोष्ट मात्र विकणारा सहसा बोलत नाही. एवढं घट्ट बसवलेलं पिस्तूल सुरुवातीचे काहीशे राऊंड नखरे करू शकतं, तेल जास्त मागतं, घाण साचली की आधी तेच अडकतं. जॉन ब्राउनिंगने डिझाईन केलेलं मूळ नाईन्टीन-इलेव्हन 1911 साली अमेरिकन सैन्याने घेतलं ते चांगलं सैलसर होतं, चिखलमातीत चालायला हवं म्हणून. आणि 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक घेतली तीही प्लास्टिक फ्रेमचीच, तेव्हा प्लास्टिक म्हणून तुमच्या पिस्तुलाला नाक मुरडू नका.

अगदी तळातलं घ्यावं का, तर तिथे मी हात आखडता घेईन. हाय-पॉइंट या अगदी स्वस्त ब्रँडची स्लाईड जस्ताच्या मिश्रधातूची, गोळी सुटताना स्लाईड नळीला अडकवून धरणारं लॉकिंग नाही, नुसत्या वजनावर गोळीचा दाब पेलायचा म्हणून ती जाडजूड, सगळं पिस्तूल वरून जड लागतं. चालतं, पण मारायला मजा नाही. तिथून एक पायरी वर या, तुर्कस्तानची कनिक घ्या, तिच्या ट्रिगरचं कौतुक महागड्या पिस्तुलांचे मालकही करतात. त्या पायरीचे पैसे वसूल होतात, पुढच्या पायऱ्या हौसेच्या. हौस वाईट नाही हो, फक्त तिला नेमाचं कारण चिकटवू नका.

अपवाद मॅचचा. ऑलिम्पिकच्या 25 मीटर पिस्तुलाला ट्रिगर दाबायचा जोर किमान 1000 ग्रॅमचा लागतो, 10 मीटर एअर पिस्तुलाला 500 ग्रॅमचा, आणि ग्रिप हाताच्या मापाने कोरून घेतात. तिथे एकेका गुणाने फायनल हुकते, सो पैसा घालावाच लागतो. पॅरिसला 2024 मध्ये खिशात हात घालून रौप्य मिळवणाऱ्या तुर्कस्तानच्या नेमबाज युसुफ दिकेचचा फोटो सगळ्यांनी फिरवला, साधा माणूस, साधा चष्मा वगैरे, पण हातातलं पिस्तूल बाकीच्यांसारखंच अस्सल मॅचचं होतं.

तुम्ही सध्या असं करा. पिस्तूल रिकामं करा, दोनदा चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, डमी राऊंड (दारू नसलेल्या खोट्या गोळ्या) घाला, समोर पक्की भिंत धरा. कुणाला तरी पुढच्या साईटमागे स्लाईडवर एक नाणं ठेवायला सांगा आणि चाप दाबा. नाणं पडलं की समजायचं काय ते. रोज वीस वेळा, दोन महिने.

प्रश्न : मग नवख्याने पॉइंट टू-टूपासूनच (.22 इंची, लहान गोळीच्या पिस्तुलापासून) सुरुवात करावी का?

उत्तर : हो, डोळे मिटून. म्हणजे नेम धरताना नको, निर्णय घेताना. धक्का नगण्य, गोळ्या स्वस्त, मनगट झुकायची सवयच लागत नाही. वरच्या वाचकांनीही रेंजवर कुणाचं तरी पॉइंट टू-टू मागून पन्नास राऊंड मारावेत, तिथेही डावीकडे खालीच गेले तर नाईन्टीन-इलेव्हनचा विषय सोडून द्या.