नागपूरचा सामान्य माणूस गांजा कायदेशीर व्हावा म्हणून काय करू शकतो?

तुमची ना राजकारणात ओळख, ना मागे संघटना. तरी काहीतरी करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. मी नागपुरात फौजदारी वकिली करतो. माझं स्पष्ट मत आहे की 'गांजा खुला करा' ही घोषणा वाऱ्यावर जाते, कारण ती कुणापुढे द्यायची हेच ठरलेलं नसतं.

१९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा केंद्राचा, पण कलम १० प्रमाणे भांगेच्या झाडाच्या लागवडीला परवानगी देणं राज्याच्या हातात आहे. धागा आणि बियांसाठी कलम १४ आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये तसा परवाना दिलाही. म्हणजे लागवडीची मागणी आमदाराकडे. जवळ बाळगणं आणि ओढणं (कलम २० आणि २७) गुन्हा राहू नये, ही मागणी खासदाराकडे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिलं होतं, हे खासदारांच्या पत्रात जरूर लिहा.

हिवाळी अधिवेशनात सरकार आपल्या दारात येतं, पण तेव्हा आमदार निवासाचे जिने चढून फारसा उपयोग नाही. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) बरेच आधी द्यावे लागतात. दिवाळीच्या सुमारासच आमदारांच्या कार्यालयात जा. एक पान, एकच मागणी, दोन प्रती. एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, ती नसेल तर पुढे कुणी दाद देत नाही.

त्याआधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. शहर पोलिसांना विचारा: मागच्या वर्षी एक किलोपर्यंतच्या गांजाचे गुन्हे किती आणि नुसत्या सेवनाचे किती?

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. भरतीची तयारी करणारं पोरगं एका पुडीसकट सापडतं. सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाहेर बाकावर बसलेली आई म्हणते, "वकीलसाहेब, कबूल करू द्या, दंड भरतो न् मोकळं होतो." मोकळं कुठलं! चारित्र्य पडताळणीत ती नोंद वर येतेच. अशी घरं तयार असतील तर नाव-गाव गाळून त्यांचा अनुभव निवेदनाला जोडा. धोरणावरच्या भाषणापेक्षा तो आमदाराच्या मनाला लवकर भिडतो.

निषेध म्हणून चौकात चिलीम पेटवू नका. गुन्हा तर होईलच, वर मोहल्ल्यातल्या बायाबापड्या कायमच्या विरोधात जातील. अठराच्या आतल्यांना बंदीच हवी, हे निवेदनात तुम्हीच लिहा; कोवळ्या वयात गांजाने डोक्यावर परिणाम होतो, ही त्या बायाबापड्यांची भीती खरी आहे.

व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांनाही जाऊन भेटा. सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प मालाचा (गांजा असेल तर एक किलोपर्यंत) खटला चालू नये, असं कलम ६४-अ आजही सांगतं. ते नीट राबवा, एवढ्या मागणीवर ते तुमच्यासोबत सही करू शकतात. पहिलं निवेदन त्याचंच द्या.