पट्टी वाचतेस, तसं स्टेटमेंट वाच

देवगड
नोव्हेंबरचा पहिला रविवार

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा पडवीत बसून तू पाकिटातलं एकेक क्रेडिट कार्ड काढून बाकावर मांडलंस, पत्ते वाटल्यासारखं. पाच झाली. सहावं कुठे गेलं ते आठवेना, मग ते मोबाइलच्या कव्हरामागे सापडलं. आपण दोघंही हसलो. तेव्हाच बोलायचं होतं, पण तुझ्या बाबांसमोर बोललो असतो तर त्याचं भाषण झालं असतं आणि तू सोलकढीचा पेला तसाच ठेवून उठली असतीस. म्हणून लिहितो.

ती कार्डं घेतलीस तेव्हा काही चुकलं नव्हतं. ठाण्याला नोकरी होती, एक तारखेला पगार पडायचा आणि बिल पाच तारखेला. क्रेडिट कार्ड बेतलेलंच असतं पगारदाराच्या महिन्यावर. आता तू आंब्याची बाग बघायला घरी आलीस. बागेला एक तारीख नसते. पावसात मोहोरासाठी कल्टार आणि खतं, मोहोर दिसायला लागला की तुडतुड्यांवर फवारण्या, मग राखणदार, पेट्या, पेंढा, टेम्पो. जुलैपासून पैसा जातच राहतो आणि येतो मार्च ते मेमध्ये. कार्डाचं बिल मात्र दर तीस दिवसांनी दारात. मोहोर करपला काय, अवकाळी पडला काय, त्याला पत्ता नसतो.

आता तुझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. वाशीच्या दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आली की तुझे बाबा चष्मा लावून ओट्यावर बसतात. हमाली किती, तोलाई किती, भाडं किती, पेटीला दर काय लागला. पेटीमागे दोन रुपये जास्त कापलेले दिसले तर दलालाला तिथूनच फोन. त्याच घरात तू कार्डाचं स्टेटमेंट न उघडता ‘किमान देय रक्कम’ भरून मोकळी होतेस. परवा तूच म्हणालीस, “काका, मिनिमम भरलं की काही होत नाही.”

काय होतं ते बघू. तुझ्या त्या निळ्या कार्डावर ४०,००० थकलेत. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे व्याज १,४००. व्याजावर १८ टक्के जीएसटी, ते २५२. एकूण १,६५२. किमान रक्कम पाच टक्क्यांनी धरली तर २,०००. म्हणजे तू दोन हजार भरलेस आणि मुद्दल फिटलं ३४८ रुपये. वर्षाचा हिशोब केलास तर ४२ टक्के, कर वेगळा. आमच्या लहानपणी असं व्याज घेणाऱ्या सावकाराच्या दारावरून जाताना आजी पदर सावरायची.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मागचं बिल पूर्ण फिटलेलं नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत. जी ४५-५० दिवसांची सवलत म्हणून कार्ड घेतलं, तीच जाते. परवा बंदरावर त्या कार्डाने बांगडे घेतलेस ना, त्यांच्यावर त्याच दिवसापासून व्याज. आणि एटीएममधून त्यावर रोख काढू नकोस, कधीच. त्याला पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळं शुल्क.

तेव्हा कार्डं कमी करायची. पण घाईत कशी करू नयेत ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. २००९ साली मुलीकडे गेलो होतो, तिथे मॉलमधल्या एका पोराने दुसऱ्याच बँकेचं कार्ड माझ्या गळ्यात मारलं. दोनदा वापरलं, बिल चुकतं केलं आणि मग कंटाळून इथेच पडवीत सुपारीच्या अडकित्त्याने त्याचे तुकडे केले. चिपवर अडकित्ता अडला, तर दाब देऊन कापला. वाटलं, सुटलो. दोन वर्षांनी घराची कौलं काढायला कर्ज मागितलं, तर आमच्याच शाखेतला माझ्याहून वीस वर्षांनी लहान मॅनेजर दबकत म्हणाला, “साहेब, तुमच्या नावावर थकबाकी दिसतेय.” कार्ड कापलं होतं, खातं जिवंत होतं. वार्षिक शुल्क पडलं, ते न भरल्याचा दंड, दंडावर व्याज, असं साडेचार हजारांच्या घरात गेलं होतं. पत्रं मुलीच्या जुन्या पत्त्यावर जात होती.

आता तेवढा त्रास नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केलाय. बाकी पूर्ण भरलेली असेल तर खातं बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत मार्गी लावायचा, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुला द्यायचे. पोस्टानेच अर्ज पाठवा असा हट्ट धरता येत नाही, ईमेल, अॅप, हेल्पलाइन, काहीही चालतं. अर्ज केलास की एक गोड आवाज फोन करील, शुल्क माफ करतो म्हणेल, लिमिट वाढवून देतो म्हणेल. बाजारात भाव पाडणाऱ्याला आपण जसं ‘नको’ म्हणतो तसंच म्हणायचं, कारण सांगायचं नाही. कारण सांगितलं की त्यावर त्याच्याकडे उत्तर असतं.

पण अर्जाच्या आधी घरची कामं आहेत. त्या कार्डावरून आपोआप काय काय कापलं जातं ते बघ. सिनेमाचं अॅप, फास्टॅग, आईचा मोबाइल, विम्याचा हप्ता. ते हलवल्याशिवाय कार्ड बंद केलंस तर विमा चुकेल आणि कळेल वर्षाने. पॉइंट साचले असतील तर वापरून टाक. लॅपटॉपचा हप्ता कार्डावर चालू आहे ना, तो संपू दे किंवा आधी फेडायला किती शुल्क लागतं ते विचार. आणि स्टेटमेंटवरची रक्कम भरली म्हणजे सगळं फिटलं असं समजू नकोस. थकलेल्या कार्डावर बिलाची तारीख आणि भरल्याचा दिवस यांच्यातलं व्याज पुढच्या महिन्यात शेपटासारखं येतं. म्हणून आजच्या तारखेला बंद करायला एकूण किती, असंच विचारायचं.

सगळी एकाच आठवड्यात बंद करू नकोस. तुझ्या सहा कार्डांची मिळून मर्यादा पाच लाख, थकलेत साठ हजार, म्हणजे १२ टक्के वापर. उद्या पाच बंद करून ऐंशी हजारांचं एकच ठेवलंस आणि थकबाकी त्यावर आली, तर तोच वापर ७५ टक्के दिसेल. तीस टक्क्यांच्या आत असावा असं कर्ज देणारे धरून चालतात. होमस्टेच्या दोन खोल्यांसाठी तुला कर्ज काढायचंय, तेव्हा हा आकडा आडवा येईल. आधी देणं उतरव, मग कार्ड.

कुठलं ठेवायचं? सर्वांत जुनं, वार्षिक शुल्क नसलेलं. जुन्या खात्याचा इतिहास तुझ्या बाजूने बोलतो. विमानतळाच्या लाउंजवालं पहिलं जाऊ दे. वर्षभरात तू विमानात कितीदा बसलीस? येणं-जाणं सगळं कोकणकन्येने, कणकवलीला उतरून. पेट्रोलवालंही जाऊ दे. सरचार्जची माफी ठरावीक रकमेच्या वर भरलं तरच असते आणि तू स्कूटरमध्ये दोनशेचं घालतेस. दुसरं एक मात्र कपाटात ठेव, असं माझं मत. तुझे बाबा एकच पुरे म्हणतील. पण इथला अवघड पेशंट कोल्हापूरला नाहीतर गोव्याला न्यावा लागतो आणि खासगी दवाखान्यात आधी डिपॉझिट मागतात. रात्री अडीच वाजता दलाल उचल देत नाही.

जे ठेवशील त्याला आपोआप भरणा लाव, ‘टोटल ड्यू’चा. ‘मिनिमम’ची खूण केलीस तर हे सगळं लिहिलेलं फुकट. बिलाची तारीख बदलून घेता येते, निदान एकदा तरी, आईच्या पेन्शनच्या जवळ आण. आपल्याकडे पावसात टॉवर झोपला की ओटीपी येत नाही, शेवटच्या दिवशी भरायच्या भरवशावर राहू नकोस. देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत दंड लावता येत नाही, पण व्याज त्या तीन दिवसांचंही धरतात.

उरला फवारणीचा खर्च. तो कार्डावर टाकायचाच नाही. त्यासाठी किसान क्रेडिट कार्ड आहे, नाव सारखं असलं तरी त्याची जात वेगळी. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज सात टक्क्यांनी, वेळेत फेडलं तर सवलतीने चार. अडचण एकच, आणि ती कोकणातली खास. सातबाऱ्यावर सतरा चुलत्यांची नावं, त्यातले चार मुंबईत, एक कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. तुमची वरची बाग आजोबांनी वाटणीत वेगळी करून घेतलीय, तो उतारा घेऊन पीक कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या सचिवाला भेट. मी बरोबर येतो.

बुधवारी ये. सहाही कार्डांची गेल्या तीन महिन्यांची स्टेटमेंटं छापून आण, मोबाइलवर दाखवू नकोस, माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत. तुझ्या बाबांनाही आण. एक पान त्यांच्या हातात देऊ आणि बघू, कुठल्या ओळीवर बोट ठेवतात ते.

आणि खातं बंद झाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय कार्ड कापू नकोस. अडकित्ता इथेच आहे.

तुझा,
काका