इंजिन बसतं हो, ब्रेकचं काय?

कापसाचे पैसे हातात आले की आमच्याकडे गाडीच्या कल्पना सुचायला लागतात. यंदा बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच दिसतं: गाडी पेट्रोलची आहे, तिच्यात डिझेलचं इंजिन टाकू. यवतमाळ जिल्ह्यात तीस-बत्तीस वर्षं गॅरेज चालवताना हे काम मी बरेचदा केलं, आणि अलीकडे त्याहून जास्त वेळा नाकारलं. आलेल्या पत्रांतली काही घेतो.

वरुडहून एक संत्रा बागायतदार: माझी पेट्रोल सुपर कॅरी, मारुतीची छोटी मालगाडी, २०२१ ची आहे. संत्रा मार्केटला न्यायचा तर पेट्रोल परवडत नाही. अपघातातली जुनी डिझेल सुपर कॅरी स्वस्तात मिळते आहे. तिचं इंजिन टाकलं तर खर्चही वाचेल आणि डिझेलची ताकदही मिळेल ना?

आधी ताकदीचं बोलू. २०१६ मध्ये आलेल्या डिझेल सुपर कॅरीचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७९३ सीसीचं. ताकद साधारण ३२ हॉर्सपॉवर आणि ओढ, म्हणजे टॉर्क, ७५ न्यूटन-मीटर. तुमचं पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचं, ११९६ सीसीचं. सत्तरच्या वर हॉर्सपॉवर आणि ९८ न्यूटन-मीटर. म्हणजे पैसे घालून गाडी निम्मी करायची झाली. 'डिझेल म्हणजे ताकद' हे ट्रॅक्टर बघून पडलेलं मत आहे, ते प्रत्येक इंजिनाला लावू नका.

आता खर्च. महिन्याला १५०० किलोमीटर धरा. पेट्रोलवर लिटरमागे १५ चा अ‍ॅव्हरेज आणि १०४ चा भाव धरला तर १०,४०० रुपये. डिझेलवर २० चा अ‍ॅव्हरेज, ९१ चा भाव, तर ६,८२५. महिन्याला साडेतीन हजार वाचले. इंजिन, मजुरी, वायरिंग, रेडिएटर धरून दीड लाख गेले, तर ते वसूल व्हायला साडेतीन वर्षं लागतील, तीही मध्ये डिझेल फवारणाऱ्या पंप-नोझलचं काम निघालं नाही तर. आमच्या उमेदीच्या काळात हे गणित वेगळं होतं. तेव्हा डिझेलचा भाव सरकार बांधून ठेवायचं. ऑक्टोबर २०१४ ला तो बाजारावर सोडला आणि पेट्रोलशी असलेला फरक आटला. लोकांच्या डोक्यात मात्र जुनाच फरक बसलेला आहे.

आणि कायदा. तुमची गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांतली. एप्रिल २०२० पासून ही अट आली तेव्हा कंपनीने ते डिझेल इंजिनच बंद केलं. त्यामुळे बीएस-६ गाडीत बीएस-४ इंजिन कागदावर चढणार नाही. इंधन बदलायचंच असेल तर ऑगस्ट २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने बीएस-६ पेट्रोल गाड्यांना मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजी किट बसवायची वाट मोकळी केली आहे. जवळ सीएनजी पंप असेल तरच तिकडे बघा. नसेल तर आहे ते पेट्रोल इंजिन नीट ट्यून करून घ्या आणि चाकांत हवा बरोबर ठेवा. गंमत नाही करत, कमी हवेच्या चाकांनी लिटरमागे किलोमीटरभर खाल्लेलं मी पाहिलं आहे.

परतवाड्याहून: वडिलांची जुनी पेट्रोल जीप आहे, मागे पिकअप बॉडी. चिखलदऱ्याच्या घाटात शेतमाल आणि सामान ने-आण करतो. प्यूजोचं डिझेल इंजिन टाकायचा विचार आहे. काय काय बघावं?

यंत्राच्या बाजूने ही गोष्ट करण्यासारखी आहे (कागदाचं खाली हिंगणघाटच्या उत्तरात बघा), कारण महिंद्राने स्वतःच प्यूजोच्या डिझेल इंजिनाच्या जीपा विकल्या. त्यामुळे माउंटिंगपासून इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगपर्यंतचे भाग एकाच घराण्यातले मिळतात. जुनं पेट्रोल 'हरिकेन' ७२ हॉर्सपॉवरचं आणि २११२ सीसीचं प्यूजो ६२ चं. आकडा कमी, पण ओढ खालच्या आरपीएमवरच, म्हणजे मिनिटाला कमी फेऱ्यांवरच, येते. घाटात तेच लागतं.

डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड असतं. बसवल्यावर गाडी पुढून दबली तर पुढच्या स्प्रिंगला पाटा वाढवा आणि मग चाकांचं अलाइनमेंट बघा. दबलेल्या गाडीचं अलाइनमेंट करून उपयोग नाही.

खरी परीक्षा गिअरबॉक्स जोडताना होते. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनाच्या क्रँकच्या मागच्या बुशमध्ये फिरतं. दोन्हींचा मध्य एका रेषेत हवा. मध्ये जोडप्लेट बनवून जोडत असाल तर डायल गेज लावून मोजा आणि ०.१ मिलिमीटरच्या आत आणा. 'नजरेने बरोबर आहे' म्हणणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजा आणि दुसरा शोधा. मध्य चुकला की आधी गिअर निसटतो, मग क्लच प्लेटची जाळी तुटते, शेवटी बेअरिंग ओरडतं, आणि तोवर मिस्त्रीचा फोन बंद असतो.

पुढे क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांच्या दांड्यातली गिअरची जोडी. जुन्या जीपचं ५.३८ चं असतं: गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट ५.३८ फेरे फिरला की चाक एक फेरा. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला तर टॉप गिअरला ३००० आरपीएमवर ताशी ७४ किलोमीटर होतात. डिझेलला पेट्रोलसारखं वर ताणत नेऊ नये, म्हणून अमरावतीच्या सपाट रस्त्यावर तुम्हाला इंजिन सारखं ओरडताना ऐकू येईल. ४.८८ ची जोडी टाकली तर त्याच ३००० वर ८१ मिळतात. पण फोर-व्हील चालू असेल तर पुढच्या आणि मागच्या, दोन्ही अ‍ॅक्सलला एकच रेशो हवा. मागचाच बदलला आणि फोर-व्हील टाकलं, की पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या आत ओढाताण सुरू होते. घाटातच राहायचं असेल तर ५.३८ राहू द्या, वेगाचा नाद सोडा.

पांढरकवड्याहून: मिस्त्रीकाका, माह्या जिप्सीले झेनचं डिझेल इंजिन टाकलं. गाडी मस्त पयते, पण ब्रेक दगडावानी लागते. पॅड बदलले, तेल बदललं. काऊन होऊन रायलं हे?

भाऊ, पॅडवर पैसे घालवू नका, आणि तोवर गाडी उभीच राहू द्या. पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर निर्वात पोकळीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, चालतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवा अडवते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो आणि बूस्टरला मिळतो. अशा डिझेलमध्ये ती झडप नसते. हवा मोकळी आत येते, व्हॅक्यूम नाही, बूस्टर मेला. डिझेल गाडीला म्हणूनच वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, कित्येकदा अल्टरनेटरच्या पाठीला चिकटलेला. तुमच्या मिस्त्रीने बूस्टरची नळी मॅनिफोल्डला लावली असेल किंवा बंद करून टाकली असेल. पंप बसवा, मध्ये एकेरी व्हॉल्व्ह घाला. मग इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की दाबूनच धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर जागा झाला.

हे मला कोणी शिकवलं नाही. सुरुवातीच्या काळात मीही एका गाडीत पंपाशिवाय ट्रायल घ्यायला घाटंजीच्या रस्त्याला निघालो होतो. उतारावर पेडलवर उभा राहिलो तरी गाडी थांबेना. शेवटी बांध आडवा आला म्हणून वाचलो. गाडीत मालकही बसलेले होते. त्यांनी नंतर वर्षभर माझ्याकडे साधा पंक्चरही काढला नाही.

हिंगणघाटहून: भंगारवाल्याकडून इंजिन घेतलं, बिल नाही. आरसीवर नंबर चढेल का? नाही चढवला तर काय होतं?

बिल नसलेलं इंजिन घेऊ नका, परत करा. ते चोरीच्या गाडीतलं निघालं तर तुम्ही पोलिसांना काय दाखवणार? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाला विसंगत असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. इंजिन निकामी झालं तर आरटीओच्या परवानगीने त्याच जातीचं दुसरं टाकता येतं, पण पेट्रोलच्या जागी डिझेल ही वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा. एजंटचं 'होऊन जाईल' हे परवानगीपत्र नव्हे. नियमबाह्य बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, ठेवलं आहे. दंड परवडेल. अपघात झाला आणि विमावाल्याने इंजिन नंबर ताडून हात वर केले, तर ते परवडणार नाही.

चंद्रपूरहून: आधीच्याच टाकीत डिझेल चालेल का? आणि उन्हाळ्यात गाडी तापेल का?

टाकी चालेल, पण उतरवून पूर्ण धुवा. डिझेल पंपाला वंगण डिझेलच देतं, पेट्रोल राहिलं तर पंप घासतो. नोझलकडून परत येणाऱ्या डिझेलसाठी रिटर्न लाइन टाका, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. तुमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून रेडिएटर त्या इंजिनासोबतचाच घ्या. पंख्याभोवतीचं कव्हर काढून फेकू नका. पंख्याची पाती उलटी बसलेली मी दोनदा पाहिली आहेत, एकदा माझ्याच हातून.

दारव्ह्याहून: डिझेल इंजिन बसलं, चालतंय. काढलेलं पेट्रोल इंजिन विकून टाकू का?

आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत अजिबात नाही. नाही चढला तर तेच परत बसवावं लागेल. प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका, प्लग परत आवळा, कार्बोरेटरचं तोंड कापडाने बांधा, उंदीर घर करतात. लाकडाच्या ओंडक्यावर ठेवा, जमिनीवर नको, आणि महिन्यातून एकदा पुढच्या पुलीला पाना लावून हाताने दोन फेरे फिरवा.